भेगेवरची तारीख

गमरे घरी आले की दारात चपला काढायचे आणि उंबऱ्याच्या आत अनवाणी उभे राहून दोन-तीनदा टाचांवर भार देऊन बघायचे. "या, बसा" म्हटलं तरी लगेच बसायचे नाहीत. माझी मुलगी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. पहिल्यांदा तिनं मला हळूच विचारलं, "बाबा, इज ही डान्सिंग?" गमऱ्यांना ते ऐकू गेलं. ते हसले आणि म्हणाले, "नाय गं बाय. तुमची जमीन काय बोलते ते बगतो."

अनंत गमरे रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्याचे. बहारीनला माझ्याआधी कितीतरी वर्षं आलेले. मआमीरच्या बाजूला, कारखान्यांच्या कडेला, बांधकामाचा माल तपासणारी एक प्रयोगशाळा होती, तिथं ते टेक्निशियन. वाळू, खडी, माती, सिमेंटचे ठोकळे, जे येईल ते तपासायचं, फोडायचं आणि आकडा लिहायचा. मी एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन. आमच्या साइटवरचे काँक्रीटचे क्यूब, म्हणजे नमुन्याचे ठोकळे, त्यांच्याकडे जायचे, म्हणून ओळख झाली. अंगात फिकट निळा शर्ट, कानावर पेन्सिल आणि खिशात शंभर फिल्सचं एक नाणं. ते नाणं खर्चायचं नसे. ते वाजवायचं नाणं होतं. भिंत, टाइल, खांब, हॉटेलातलं टेबल, काहीही समोर आलं की गमरे नाण्याची कड त्यावर टक-टक करून ऐकायचे.

याच गुणामुळे आमच्या मराठी बायकांत त्यांना भलताच भाव होता. उन्हाळ्यात मार्केटला कलिंगडं आली की गमऱ्यांना फोन जायचे. ते ढिगापुढं उकिडवे बसायचे, एकेक फळ कानाशी धरून वाजवायचे आणि बाजूला ठेवायचे. कलिंगडवाला बंगाली वैतागून म्हणायचा, "यल्ला गमरेभाई, शादी करनी है क्या इससे?" गमरे शांतपणे आणखी एकदा वाजवायचे. त्यांनी निवडलेलं कलिंगड कधी फिकं निघाल्याचं मला आठवत नाही.

स्वभावानं माणूस भांडखोर अजिबात नव्हता. आवाज चढलेला कुणी ऐकला नसेल. पण यंत्राखाली ठोकळा ज्या आकड्यावर फुटला, तोच आकडा ते लिहिणार. आमच्याच एका साइटचे क्यूब एकदा ताकदीला कमी भरले. माझ्यासमोर प्रयोगशाळेचा इंजिनियर त्यांना समजावत होता, की दोन-चार दिवसांत ताकद येईल, इंशाल्ला, तू पास लिहून टाक. गमरे म्हणाले, "सर, इंशाल्ला आपण बोलायचं. क्यूब नाय बोलत." आणि नापास लिहिलं. त्याबद्दल त्यांना एसीच्या खोलीतून काढून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मातीचे नमुने चाळायला बसवलं. ऑगस्टच्या उन्हात ते तिथं बसत. मी म्हटलं, "गमरे, जरा भीड ठेवली असतीत तर काय बिघडलं असतं?" ते म्हणाले, "निकमसाहेब, जमिनीला भीड नसते. मग मी कोणाची ठेवू?"

भीड भिकेची बहीण, असं माझी आईही म्हणायची. पण आईची म्हण आपण ऐकतो आणि सोडून देतो. माझ्यात भीड ठासून भरलेली होती आणि मी तिला सज्जनपणा समजत होतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती सांगतो.

इथं परदेशी माणसाला स्वतःच्या नावावर घर घेता येतं अशा ठरावीकच वस्त्या आहेत. रिफाच्या बाजूला अशाच एका वस्तीत विनायकरावांची व्हिला होती. विनायकराव आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. मी बहारीनला आलो तेव्हा खोली मिळेपर्यंत तीन महिने त्यांच्या घरी राहिलो होतो. वहिनींनी मला सख्ख्या दिरासारखं वाढलं होतं. माझा पहिला व्हिसासुद्धा त्यांच्याच शब्दावर झाला. ते आता पुण्याला परत जाणार होते आणि घर विकायचं होतं. मला म्हणाले, "निकम, बाहेरच्याला देण्यापेक्षा तू घे." मला आकाश ठेंगणं झालं. फक्त एक खबरदारी म्हणून मी गमऱ्यांना म्हटलं, जरा नजर टाकता का?

शुक्रवारी सकाळी आम्ही गेलो. गमऱ्यांच्या खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात बॅटरी, छोटा हातोडा, पाण्याची लेव्हल-नळी, एक रिकामा पत्र्याचा डबा आणि काचेची एक गोटी. विनायकराव सोफ्यावर बसलेले. वहिनी लिंबाचं सरबत घेऊन बाहेर आल्या तर गमरे त्यांच्या हॉलच्या मधोमध पालथे पडून जमिनीला कान लावून नाणं वाजवत होते. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशीची माझी ती लाज अगदी स्वस्तातली होती, खरी लाज पुढं होती.

मग त्यांनी हॉलच्या मध्यावर गोटी ठेवली. ती आपसूक भिंतीकडे निघाली. मध्याच्या जरा पलीकडे ठेवली तर पलीकडच्या भिंतीकडे निघाली. गमऱ्यांनी गोटी उचलली. उठून एकेका दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवत गेले.

"दारं खालनं तासलीत," ते म्हणाले. "सगळी. तासल्यावर रंग लावायचा राहिलाय."

विनायकराव म्हणाले, "इथल्या हवेनं फुगतात हो लाकडं."

"लाकूड फुगलं तर बाजूनं पण फुगतं, साहेब. बाजू तासलेली नाय." एवढं बोलून त्यांनी अदबीनं विचारलं, "स्टोअररूममधली एक टाइल काढू? परत बसवून देतो."

नाही म्हणायला विनायकरावांना कारण नव्हतं. गमऱ्यांनी टाइल काढली, खालचा थर फोडला आणि त्याच्याखालचा भराव डब्यात भरून घेतला. काळसर खडी. एक खडा हातोड्यानं फोडून त्यांनी मला बॅटरीच्या उजेडात दाखवला. आत पिवळे बारीक कण चमकत होते, सोन्याचा चुरा असावा तसे. त्यांनी टाइल परत बसवली, फडक्यानं पुसली, उभं राहून सरबत प्यायले आणि वहिनींना म्हणाले, "सरबत छान झालंय."

चार-पाच दिवसांनी ते माझ्या घरी आले. टाचांवर उभे राहून झालं, मग बसले.

"निकमसाहेब, हे घर नको."

"का? काय निघालं?"

"पायराइट. दगडातच असतं, गंधक आणि लोखंड. सुकं असलं तर गप पडून राहतं. हवा-पाणी लागलं की हळूहळू फुगतं, पोटात गॅस धरल्यागत. बागेला पाणी घालतात, ते खाली जातं. वरची जमीन उचलते, दारं अडकतात, मग लोकं दारं तासतात." त्यांनी कानावरची पेन्सिल काढून हातात फिरवली. "भेग खोटं बोलत नाय. बुजवणारा बोलतो."

"दुरुस्त नाही का होणार?"

"होणार ना. सगळी जमीन फोडायची, खालचा भराव उचलायचा, नवा घालायचा. नवीन घर बांधल्यासारखंच. घेऊ नका."

मी घेतलं नाही. पण विनायकरावांना फोन करून सांगितलं काय? की बँकेचं कर्जाचं जमत नाही. ते म्हणाले, "असू दे, असू दे. लवकर सांगितलंस ते बरं केलंस." त्यांना खरं कारण कळलेलं होतं आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलेलं होतं. आम्ही दोघांनी एकमेकांच्या घरच्यांची चौकशी केली आणि फोन ठेवला.

पुढं गणपती आले. मंडळानं हॉल घेतला होता. आरती झाली, प्रसादाची रांग लागली होती. विनायकराव एका तरुण जोडप्याला घेऊन माझ्याकडे आले. सुनीता सलमानियाच्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स आणि तिचा नवरा प्रशांत एका ऑफिसात. दोघं अकोल्याकडची. लग्नाला तीन वर्षं झालेली, सुनीताला पाचवा महिना.

"ही दोघं आमचं घर घेतायत," विनायकराव म्हणाले. "कुणीतरी यांच्या कानात काहीतरी भरवलंय. निकम, तूच सांग बाबा."

सुनीता संकोचून म्हणाली, "काका, तसं नाही. आम्ही ऐकलं की गमरेकाकांनी ते घर बघून नको म्हटलं होतं, म्हणून तुम्ही सोडलंत. तुम्ही ड्रॉइंगमधले, तुम्हाला कळतं. खरं काय ते सांगा, म्हणजे आम्ही तसं करू."

पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती. विनायकराव बघत होते. मागं वहिनी प्रसाद वाढत होत्या, त्यांचाही डाव हातातच थांबला होता. खरं काय ते मला माहीत होतं. दोन शब्दांचं काम होतं, 'घेऊ नका'. आणि मी म्हणालो, "छे, छे. माझं कर्जाचं जमलं नाही म्हणून सोडलं."

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. पण भिडेला एकदा तोंड फुटलं की ती थांबत नाही. मी पुढं म्हणालो, "गमऱ्यांचं काय मनावर घेता? ते कलिंगडसुद्धा चार वेळा वाजवल्याशिवाय घेत नाहीत."

सगळे हसले. सुनीताही हसली, मोकळी होऊन हसली. ती दोघं पुढं गेल्यावर विनायकराव माझ्या पाठीवर हात ठेवून खालच्या आवाजात म्हणाले, "त्या लोकांना आपलं चांगलं झालेलं बघवत नाही रे, मुळातच." 'त्या लोकांना' म्हणजे कुणाला, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. गमरे दर शुक्रवारी त्यांच्या लोकांबरोबर एका फ्लॅटमध्ये बुद्धवंदनेला जमतात, हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. मी त्या हाताखालून बाजूला झालो नाही. प्रसाद घेतला. खिरापत होती, गोड लागली, हेही आठवतं.

पुढच्या शुक्रवारी वंदना आटोपून गमरे नेहमीसारखे घरी आले. हातात कलिंगड. टाचांवर उभे राहिले, मग ते माझ्या मुलीच्या हातात दिलं आणि म्हणाले, "घे बाय. चार वेळा वाजवलंय."

माझंच वाक्य परत आलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. बायकोनं कलिंगड कापलं, लालभडक निघालं. मी एक फोड घेऊन तिच्या बिया काढत बसलो. मग बोलता बोलता त्यांनीच सांगितलं, की त्यांनी प्रशांतला आपणहून फोन केला होता. "तो म्हणाला, निकमकाका तर असं म्हणाले. मग मी काय बोलू? दोघांपैकी एक खोटा ठरणार. म्हटलं, बगा तुम्ही." एवढंच. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. मला तेव्हाच बोलता आलं असतं. मी विचारलं, "अजून एक फोड घेता?"

त्या दोघांनी घर घेतलं. विनायकराव पुण्याला गेले. मंडळानं त्यांना शाल-श्रीफळ दिलं, निरोपाचं भाषण मी केलं.

मीही मग दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट घेतला. घेण्याआधी गमऱ्यांना बोलवायचं धाडस कसं झालं, कोण जाणे. निर्लज्ज माणसाला धाडस लागत नाही म्हणा. ते आले. पालथे झोपून नाणं वाजवलं, गोटी सोडली. म्हणाले, "तुमच्या खाली भराव नाय, खालच्या मजल्यावरचा शेजारी हाय. तो फुगला तर तुम्हाला काय त्रास नाय." बेडरूमच्या खिडकीखाली भिंतीत केसाएवढी एक भेग होती. त्यांनी पेन्सिलीनं तिच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ मारली, शेजारी बारीक अक्षरात तारीख लिहिली. "वर्षानं येऊन बगतो. रेघेच्या बाहेर गेली तर बोलू."

आठ-नऊ महिन्यांत रिफाच्या घराची जमीन उठली. आधी स्वयंपाकघराचं दार लागेना. मग हॉलच्या मधल्या टाइल्स एका दुपारी तंबूसारख्या उचलल्या गेल्या, मोठा आवाज झाला आणि तान्हं पोर दचकून उठलं. सुनीता वरच्या एका खोलीत बाळाला घेऊन राहू लागली, तिथंच गॅस, तिथंच पाळणा. प्रशांतनं कुणाला फोन केला असेल? गमऱ्यांना. ते त्याच दिवशी गेले. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही, हे मला प्रशांतनंच पुढं सांगितलं. त्यांनी ओळखीचे मजूर आणले आणि सगळी जमीन फोडायला घेतली. नवी खडी आली की प्रत्येक गाडीतली पसाभर डब्यात भरून मआमीरला न्यायचे आणि तपासल्याशिवाय टाकू द्यायचे नाहीत. त्यांची सुट्टीच्या दिवसाची वंदना तेवढी सुटली नाही, बाकीचा शुक्रवार तिथं.

मी दीड महिन्यानं गेलो. रिकाम्या हातानं जाववेना म्हणून बायकोकडून पोळी-भाजीचे डबे करून घेतले. हॉल म्हणजे कंबरभर खड्डा झाला होता आणि त्यात गमरे उभे होते, भुवयांपर्यंत धूळ, हातात चाळण. मला बघून म्हणाले, "आलात? ते घमेलं जरा द्या इकडं." मी घमेलं दिलं. बरं वाटलं, की काहीतरी हातात देता आलं.

सुनीता जिन्यात बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. झोप नसलेला चेहरा. ती म्हणाली, "काका, त्या वेळी तुम्हालाही काही माहीत नव्हतं ना हो? नाहीतर तुम्ही सांगितलंच असतं."

चाळण थांबली. गमरे खड्ड्यातून वर बघत होते. माझ्याकडे. ते काही सुचवत नव्हते की दटावत नव्हते. क्यूब यंत्राखाली ठेवल्यावर काट्याकडे बघत थांबतात तसे नुसते थांबले होते.

मी म्हणालो, "नाही गं. मला कुठलं माहीत असणार."

गमऱ्यांनी मान खाली घातली. खडीचा एक खळाळ झाला आणि चाळण परत सुरू झाली. थोड्या वेळानं ते सुनीताला म्हणाले, "ते नकाशावाले, बाय. कागदावर जमीन सपाटच असते." मला वाचवायला म्हणाले की मला ऐकवायला, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही. वाचवायलाच म्हणाले असणार, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

त्या दोघांना मी खरं सांगितलं, पण गमरे बहारीन सोडून गेल्यावर. म्हणजे ज्याच्यासमोर सांगायला हवं होतं तो समोर नसताना. तोवर नवी जमीन झाली होती, बाळ तिच्यावर रांगत होतं. मी गणपतीतला प्रसंग सांगितला, कलिंगडाचं सांगितलं, खड्ड्याच्या काठावरचं सांगितलं. प्रशांत खिडकीबाहेर बघत राहिला.  सुनीतानं माझ्यापुढचा चहाचा कप उचलला आणि आत नेऊन ठेवला. मी अर्धाच प्यायलो होतो.

पण गमरे मला शेवटचे दिसले ते त्याआधी. नोकरी संपवून, व्हिसा रद्द करून ते खेडला परत चालले होते. विमान संध्याकाळचं. जायच्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली, बोटाची नव्हे, नाण्याची. दार उघडलं तर गमरे.

"वर्ष झालं ना," ते म्हणाले. "भेग बगायची होती."

मी विसरलो होतो. टाचांवर उभे राहून झाल्यावर ते बेडरूममध्ये गेले, खिडकीखाली गुडघे टेकून बसले. चष्मा वर सरकवून भेगेवरून नख फिरवलं. भेग दोन्ही रेघांच्या आत होती. त्यांनी जुन्या तारखेखाली नवी तारीख लिहिली.

"वाढली नाय. निर्धास्त राहा."

"गमरे," मी म्हणालो, "ते रिफाचं... मी त्या दिवशी..."

"माहीत हाय मला."

"तुम्ही मला कधी बोलला नाहीत."

"मी काय बोलणार? आणि मला सांगून काय उपयोग? घर माझं नव्हतं." ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. उठताना त्रास होत होता, शेडमधली ती वर्षं गुडघ्यांत उतरली होती. कानावर पेन्सिल ठेवायला गेले आणि थांबून ती माझ्या हातात दिली. "पुढच्या वर्षी मी नसणार. तुम्हीच बगा. वाढली असली तर वाढली असंच लिहायचं. नुसती बुजवायची नाय."

चहाला थांबले नाहीत, टॅक्सी खाली उभी होती. मी गॅलरीत आलो. गमरे फाटकापाशी पोचले, खिशातून नाणं काढून फाटकाच्या खांबावर दोनदा वाजवलं. खांब ठीक असावा, कारण त्यांनी नाणं परत खिशात टाकलं. टॅक्सीत बसताना त्यांनी वर बघितलं. मी पेन्सिल धरलेला हात हलवला. त्यांनी हात हलवला नाही. अंगठा आणि बोट जुळवून हवेत एक ओळ लिहिल्यासारखं केलं आणि दार ओढून घेतलं.